पायावरचं पाणी

आमच्या घरात हॉलंडची जाऊ आली त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी मखमलाबादच्या बायका अजून मला विचारतात, "सुवर्णा, ती गोरी पहिल्यांदा आली तेव्हा तिला आपलं गाव कसं वाटलं गं?" मी सांगते, छान वाटलं, फुलं आवडली, ठेचा झोंबला. आणि विषय बदलते. कारण इतक्या लांबून आल्या आल्या तिला आमच्या दारात जे दिसलं ते खरं सांगितलं, तर विचारणारी बाई पुन्हा आमच्या ओट्यावर बसायची नाही.

पण मनात ठेवून ठेवून तरी किती ठेवायचं? सांगूनच टाकते.

आमची फुलशेती. शेवंती, गुलाब, मधेआधे झेंडू. आमचे हे, म्हणजे देवराम, पहाटे पाट्या घेऊन नाशकात फुलबाजाराला जातात. यांचा धाकटा भाऊ अश्विन शेतीचं शिकला आणि हॉलंडला काचेच्या घरात गुलाब वाढवायच्या कामावर गेला. तिथंच आनेके नावाच्या मुलीशी लग्न केलं. लग्नाचे फोटो आले तेव्हा माझी सासू, सरुबाई, फोटो डोळ्यांशी नेऊन म्हणाली, "पोरगी उपाशी दिसती. घेऊन ये म्हणावं तिला."

मी सासूला आत्याबाई म्हणायची. आमचं फार गुळपीठ होतं अशातला भाग नाही. आमटीत मीठ कमी, चहात साखर जास्त, दिवसभर पट्टा चालू. मीही काही कमी नव्हते, तोंडाला तोंड द्यायची. पण त्या मला 'सोने' म्हणायच्या. अख्ख्या जगात त्या एकट्याच.

आणि त्यांचं एक होतं. कुणी लांबच्या गावाहून आलं की उंबऱ्याबाहेर थांबवायचं. भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून लांब टाकायचा, पायावर तांब्याभर पाणी घालायचं, मगच आत घ्यायचं. रस्त्यात जे काही मागं लागलं असेल ते बाहेरच राहतं म्हणायच्या. त्या विधवा, त्यामुळे ओवाळायला, औक्षणाला कधी पुढे व्हायच्या नाहीत. पण भाकरतुकडा दुसऱ्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. मी माहेरी पंचवटीला जाऊन आले तरी मला दारात उभी करायच्या. पंचवटी म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? तरी उभी करायच्या.

दोन हजार दोनच्या श्रावणात आत्याबाई गेल्या. शेवंतीला पाणी भरता भरता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. नेसवायला घरात नवं लुगडं नव्हतं. मीच धावत जाऊन आणलं, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं असलेलं. घडीसुद्धा नीट मोडली नव्हती, तसंच नेसवलं.

अश्विनभावजींना कळवायचं म्हणून मी फोनकडे गेले तर यांनी माझा हात धरला.

"थांब. त्याचे तिथं कायम राहायचे कागद चाललेत. मधी देश सोडला तर सगळं मुसळ केरात. त्याला कळलं तर तो थांबायचा नाय."

"आई मेल्याचं कळायला पोराला कागद लागतात का?" मी म्हटलं.

"आईच म्हणायची ना, त्याचं बस्तान बसू दे म्हणून? थोडे दिवस. मग मी सांगतो."

थोडे दिवस! यांचे थोडे दिवस मला माहीत आहेत. विहिरीचा कठडा थोड्या दिवसांत बांधणार होते, तो अजून बांधतायत.

दर रविवारी दुपारी जेवणं झाली की अश्विनभावजींचा फोन यायचा. त्या रविवारीही वाजला. आत्याबाईंची धाकटी बहीण नवसाबाई मावशी दिवसकार्याला सटाण्याहून आली होती, तीच जवळ होती. तिनं फोन उचलला आणि हुंदका आवरत नुसतं "हॅलो" म्हटलं. तिकडून भावजी म्हणाले, "आई, सर्दी झाली का गं?"

दोघी बहिणींचा आवाज अगदी एक. मावशीनं यांच्याकडे बघितलं. यांनी सांगू नको म्हणून मान हलवली. आणि मावशी फोनमध्ये म्हणाली, "हां रे बाळा. पाण्यात भिजले."

झालं. त्या एका सर्दीतून सगळं सुरू झालं.

मावशी सटाण्याला परत गेलीच नाही. तिथं पोरगा-सून काही फार विचारणारी नव्हती, आणि इथं दर रविवारी कुणीतरी तिला 'आई' म्हणत होतं. मी डोकं आपटलं. "मावशी, हे बरं नाही. गेलेल्या माणसाच्या नावानं बोलू नये." तर यांचं आपलं एकच, "दिवाळीनंतर सांगू." मी एकदासुद्धा त्या फोनजवळ गेले नाही. रविवारी जेवणं झाली की मी भांडी घेऊन मागं जायची.

आधी आधी मावशी फोन ठेवला की डोळे पुसायची आणि तिची तिच्या बोलीत बोलायची, "काय करू वं, पोरगा गोड शे." मग हळूहळू फोन ठेवल्यावरही आवाज तसाच राहायला लागला. एका रविवारी मी आमटी वाढत होते. मागून ऐकू आलं, "सोने, मीठ घातलं नाहीस."

माझ्या हातातली पळी खाली पडली. मावशी मला कधीच सोने म्हणायची नाही, सुवर्णा म्हणायची.

"काय म्हणालात?"

"कुठं काय?" मावशी म्हणाली. "मी तर काहीच बोलनू नही."

पुढं एकदा मी भांडी घासत असताना तिचं बोलणं कानावर पडलं. भावजी लहानपणी पाटाच्या पाण्यात वाहून चालले होते, आत्याबाईंनी शेंडीला धरून ओढून काढलं आणि सासऱ्यांचा मार बसू नये म्हणून दोघांनी कुणालाही सांगितलं नाही. मावशी हे सगळं हसत हसत सांगत होती, पाटाच्या काठी कोणतं झाड होतं इथपर्यंत. ही गोष्ट यांनाही ठाऊक नव्हती. मी नंतर मावशीला विचारलं तर तिला फोनवर काय बोललो तेच आठवत नव्हतं. म्हणाली, "पोरगा बोलस, मी ऐकस. मंग फोन बंद व्हस." तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवसापासून मला घरात एकटीनं दिवेलागण करायची भीती वाटायला लागली.

आणि ती आनेके! ती तिकडून मराठी शिकत होती. भावजी कामाला, वेळ कुणाला? फोनवर आईच तिला शिकवायची. पाणी, भाकरी, थंड, गरम, जेवलीस का. शब्द चुकला की पुन्हा म्हणून घ्यायची. मावशीला स्वतःला धड पुणेरी वळणाची मराठी येत नाही, ती कसली शिकवते! मी यांना म्हटलं, "अहो, तुमच्या भावाची बायको कुणाकडून मराठी शिकतेय, ते कळतंय का तुम्हाला?" यांनी बिडी पेटवली आणि मळ्यात निघून गेले.

माघात भावजींचे कागद झाले. आनेकेला घेऊन येतो म्हणाले. मी म्हटलं, सुटलो, आता तरी सांगा. यांची मान खाली. "फोनवर कसं सांगू? येऊ दे. मी फाट्यावरच गाठतो, घरात शिरायच्या आधी."

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम दाराआड उभी राहून ऐकलं. मावशी खुर्चीत ताठ बसली होती. आत्याबाई बसायच्या तशी, एक पाय वर घेऊन.

"तुम्ही या," ती म्हणत होती. "मी दारात उभी हाय. भाकरतुकडा माझ्याच हातानं करीन. माझ्या हातचं पाणी पायावर पडल्याबिगर उंबरा वलांडायचा नाय. माझा शब्द हाय."

मेलेल्या माणसाच्या नावानं शब्द दिला! मी आत गेले आणि फोन ठेवल्या ठेवल्या मावशीला गदागदा हलवलं. ती झोपेतून उठल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली आणि मग लहान पोरीसारखी रडली. दुसऱ्या दिवशी यांनी तिला सटाण्याच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ती मला म्हणाली, "मी चालनू सुवर्णा. पन ती कोठे जावाव नही. तिनं शब्द दिन्हा शे." मला तिचा रागही आला आणि भीतीही वाटली.

ती गेल्यावर नळाच्या पाइपासाठी आमचा पुढचा रस्ता खोदला. खोदताना टेलिफोनची तार तुटली आणि फोन बंद पडला. खरं सांगते, मला बरंच वाटलं. फोन उचलून बघितला, कानाशी नुसती शांतता. म्हटलं, मिटली कटकट.

यायच्या दिवशी सकाळी यांनी भिंतीवरचा आत्याबाईंचा फोटो उतरवला.

"हे काय करताय?"

"मी फाट्यावर सांगतोच हाय. पण समजा चुकामूक झाली, तर आल्या आल्या एकदम हार घातलेला फोटो दिसायला नको."

फोटो धान्याच्या कोठीमागं ठेवला आणि हार उकिरड्यावर. माझं डोकंच फिरलं. "अहो, त्यांना एकदा घराबाहेर काढलं ते काय कमी झालं? आता भिंतीवरूनही काढा!" हे गेले फाट्यावर, गाडीची वाट बघत.

मी तांब्या पाण्यानं भरून दाराशी ठेवला. शब्द कुणी का दिला असेना, भाकरतुकडा मी करणार होते. मागं चुलीवर पहिली भाकरी टाकली, फुगली, टोपल्यात ठेवली. पीठ संपलं म्हणून कोठीतून आणायला गेले. तिथं फोटो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी तो सरळ केला, "माफ करा" म्हटलं, पीठ घेऊन आले आणि दुसरी थापायला बसले.

तेवढ्यात पुढच्या दारात पाणी पडल्याचा आवाज आला. भसकन एकदम, तांब्या उपडा केल्यासारखा. मला वाटलं मांजरानं तांब्या पाडला. मग भावजींचा आवाज आला, "वहिनी! अहो वहिनी, कुठे आहात?"

मी पिठाच्या हातानं धावले. दोघंही माजघरात उभे. भावजी गोरे झालेले, अंगानं भरलेले. शेजारी ती उंच पोरगी, झोपेनं डोळे लाल, तोंडभर हसणं. दोघांचे पाय घोट्यापर्यंत ओले. फरशीवर ओली पावलं उमटलेली.

"तुम्ही... हे फाट्यावर गेलेत तुम्हाला घ्यायला."

"फाट्यावर कशाला? पुढचा रस्ता खोदलाय ना," भावजी म्हणाले. "निघायच्या आधी फोन केला तेव्हा आईच म्हणाली, पाटाच्या बाजूनं या. टॅक्सी मागंच सोडली, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आलो."

"फोन?"

"हो, परवा."

परवा आमच्या फोनला तार नव्हती.

"आई कुठे गेली?" भावजी इकडेतिकडे बघत म्हणाले. "रागावलीय का माझ्यावर? ओवाळलं, पाणी घातलं, एक शब्द बोलली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. मी पाया पडायला वाकलो तर घराच्या कडेनं मागं निघून गेली."

आनेकेनं माझा पिठाचा हात हातात घेतला आणि एकेक शब्द वेचून म्हणाली, "वहिनी. आई छान. आई हात थंड. खूप थंड."

मी मागं वळून टोपल्याकडे बघितलं. माझ्या पहिल्या भाकरीचा एक कोपरा तोडलेला होता. दारात तांब्या उपडा. अंगणाच्या टोकाला भाकरीचा तुकडा पडलेला आणि आमचा कुत्रा त्याच्यापासून लांब बसून नुसता बघत होता. खाण्याच्या बाबतीत त्या कुत्र्याला कसलंही सोवळं नव्हतं.

मी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. भावजी मागच्या दारापर्यंत जाऊन हाका मारून आले. आनेके घर बघत होती. नवीन आलेलं माणूस कसं बघतं, आपण रोज ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही ते सगळं त्याला दिसतं. तिनं कणगी बघितली, देव्हारा बघितला, फोनवरचा विणलेला रुमाल बघितला. मग ती समोरच्या भिंतीपाशी गेली. भिंतीचा रंग उडालेला, पण मधे एक चौकोन होता तिथं रंग ताजा. वर खिळा. खिळ्याला झेंडूची एक सुकी पाकळी अडकली होती.

"वहिनी," ती म्हणाली, "इथे कोण होतं?"

भावजी हसत वळले आणि चौकोन बघून त्यांचं हसू थांबलं. गावातलंच पोर ते. भिंतीवर कुणाला टांगतात आणि कुणाला हार घालतात, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

त्याच वेळी हे धापा टाकत आले. "अरे, तुम्ही मागनं..." म्हणाले आणि दारातच थबकले.

"दादा, आई कुठंय?"

यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी मीच बोलले. माझं तोंड फाटकं, म्हणून अशी कामं माझ्याच वाट्याला येतात. "भावजी, आत्याबाई श्रावणात गेल्या. मावशी बोलत होती फोनवर. तुमचे कागद अडू नयेत म्हणून तुम्हाला कळवलं नाही."

ते हसले. खरंच हसले. "वहिनी, आत्ता तिनं माझ्या पायावर पाणी घातलंय." मग यांच्या तोंडाकडे बघितलं आणि खाली बसले.

आमच्यात परगावच्या माणसाला मरण उशिरा कळलं, तर कळल्या क्षणी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. ते घेतलं म्हणजे त्याच्यापुरतं ते माणूस त्या दिवशी गेलं. मग त्यानं रडावं, सुतक पाळावं. यांनी बादली भरली आणि म्हणाले, "अश्विन, चल. पाणी घे."

"नाही घेणार."

"असं करू नये रे."

"काय करू नये?" भावजी ओरडले. "तुमच्यासाठी ती श्रावणात मेली. तुम्ही रडलात, तेरावं केलंत, लाडू खाल्लेत. माझ्याशी ती सहा महिने बोलली. आज तिनं माझ्यावरून भाकरी ओवाळली. मी कोणत्या दिवशी रडू, दादा? सांग ना, कोणत्या दिवशी रडू?"

भरलेली बादली दोन दिवस तशीच मोरीत राहिली.

संध्याकाळी भावजी पाटाच्या बांधावर जाऊन बसले. आनेके माझ्याजवळ चुलीपाशी बसली. घाबरलेली वगैरे अजिबात नव्हती. सरळ विचारलं, "आई मेली?"

"हो."

"ऑगस्ट?"

"हो."

तिनं विस्तवाकडे बघितलं. "मग मराठी कोण शिकवलं?"

मी मावशीचं सांगितलं. ती ऐकत होती, पण पटल्यासारखं दिसेना. मग तिनं बोटांनी आपल्या फ्रॉकवर छोटे छोटे ठिपके काढून दाखवले. "साडी पांढरी. छोटी फूल. निळी. इथे," तिनं पोटाजवळ हात आडवा फिरवला, "कागदसारखी." घडीच्या रेघा सांगत होती ती. त्या लुगड्याचा रंग भावजींनाही माहीत नव्हता. तो मला, दुकानदाराला आणि आत्याबाईंना पोचवायला आलेल्यांनाच माहीत.

मी विस्तवात काटकी सारली आणि रडू आलं ते धुरावर ढकललं.

भावजी दोन्ही दिवस नीट जेवले नाहीत. ताटावर बसले की शेजारी जागा सोडायचे. हे समजूत घालायला गेले की उठून जायचे. दाराशी मी भरून ठेवलेला तांब्या सकाळी रिकामा असायचा. मी पुन्हा भरायची. यांना सांगितलं नाही, हे आधीच अर्धे झाले होते. मला एकच वाटत होतं, या पोरानं पाणी घ्यावं. तो पाणी घेत नाही तोवर त्याची आई ना घरात, ना घाटावर. आणि तोही ना इथला, ना तिथला. असाच परत गेला तर दर रविवारी तिकडून फोन फिरवत बसेल, आणि इकडून कुणीतरी उचलेलसुद्धा.

मग रविवार आला.

जेवणं झाली. मी सवयीनं भांडी गोळा करून मागं निघाले होते. आणि फोन वाजला.

तार अजून तुटलेलीच होती. खड्ड्यातून तिचं टोक वर आलेलं मी सकाळीच बघितलं होतं. रुमालाखाली फोन वाजत होता, लांब, अंतर देऊन वाजत होता. परदेशाहून यायचा तसा. आणि परदेशाहून फोन करणारा माणूस तर आमच्यासमोर हात न धुता बसला होता.

"तार तुटलेली हाय," हे पुटपुटले.

"उचलू नका," मी म्हटलं.

भावजी उठले. आनेकेनं त्यांचा शर्ट धरला, मग आपणहून सोडला. त्यांनी उष्ट्या हातानंच फोन उचलला.

"हां, आई."

मी ताटं छातीशी धरून उभी. फोनमधलं आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. भावजींचंच तेवढं ऐकू येत होतं.

"हो, पोचलो. नीट पोचलो." मग, "हो, जेवलो. आनेके पण जेवली." मग बराच वेळ काही नाही. त्यांचा चेहरा बदलत गेला. आधी आनंद होता, मग गोंधळ, मग जे आलं ते मला बघवेना. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यांच्याकडे, एकदा भिंतीवरच्या चौकोनाकडे.

"हो, आई," ते म्हणाले.

पुन्हा थांबले. "हो. श्रावणात."

मग अगदी हळू, पोरगं आईच्या कुशीत बोलतं तसं, "नाही गं. मला पण कुणी सांगितलं नाही."

फोन त्यांनी जपून खाली ठेवला, रुमाल नीट केला. हे म्हणाले, "काय म्हणाली?" इतक्या दिवसांत यांनी पहिल्यांदा ती आहे असं धरून विचारलं होतं.

भावजी फोनकडेच बघत सांगत होते. "म्हणाली, सोनी माझ्याशी बोलत नाही. देवरामनं माझा फोटो काढला, हार फेकला. बहिणीला गावी पाठवलं. मी पाणी पिते ते कुणी बघत नाही. माझं काय चुकलं रे? घरात कुणी मला काही सांगत नाही. तू लांबून आलास, तू खोटं बोलायचा नाहीस. अश्विन, मी गेले का रे?"

यांनी भिंतीला हात टेकला आणि तिथंच खाली बसून ढसाढसा रडले. त्याच्यापासून लपवता लपवता आम्ही तिच्यापासूनही लपवलं होतं. पोरगा परदेशात, त्याला कळू नये म्हणून गप्प बसलो. आणि म्हातारी घरातल्या घरात हिंडत होती, आपल्याशी कुणी बोलत का नाही म्हणून.

भावजी मोरीत गेले. बादलीचं पाणी दोन दिवसांचं, थंडगार. ते अंगावरच्या कपड्यांनिशी खाली बसले, पण त्यांच्या हातून बादली उचलेना. आनेके दाराशी गेली, तांब्या घेऊन आली, बुडवला आणि त्यांच्या डोक्यावर धरला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिलं पाणी पडलं आणि भावजी "आई गं" म्हणून जे ओरडले, ते शेजारच्या मळ्यात ऐकू गेलं. श्रावणापासूनचं सगळं रडणं एकदम बाहेर आलं. ती ओतत राहिली आणि ते रडत राहिले.

मी कोठीमागून फोटो आणला, पदरानं पुसला आणि खिळ्याला लावला. हार नव्हता. आनेकेच्या येण्यासाठी आणलेला शेवंतीचा गजरा होता, तोच घातला. आमच्यात घरच्या माणसाला निघताना कधी 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. भांडणातसुद्धा मी आत्याबाईंना जा म्हटलेलं नाही.

"आत्याबाई," मी म्हटलं, "सोनी बोलतेय. मिठाचं तुमचं बरोबर होतं. आता जा."

मग कोरडा टॉवेल घेऊन मी मोरीकडे गेले.